उसनवारीचें लॅटिन

एका भाषेनें दुसरीपासून शब्द उसने घ्यावे यांत कमीपणा मानण्याचें कांहींच कारण नाहीं. ज्या घरांत लोकांचें येणेंजाणें असतें तेथें देणेंघेणेंही चालावयाचेंच. आपल्या मराठींत 'अर्ज' आणि 'वकील' फारशीच्या वाटेनें आले, 'बटाटा' पोर्तुगीजांनीं आणून दिला, 'टेबल' इंग्रजांनीं. आणि हे शब्द परके आहेत असें सांगितलें तर मुलांस तें खरेंही वाटत नाहीं. परंतु उसनवारीलाही एक रीत आहे. शेजाऱ्याकडून आणलेलें भांडें कशाच्या उपयोगाचें, एवढें तरी आणणाऱ्यास ठाऊक असावें. इंग्रजी बोलणाऱ्यांनीं लॅटिनपासून घेतलेल्या शब्दांची जी दशा आज दिसते ती पाहिली म्हणजे या रीतीचा पुष्कळांस विसर पडला आहे, असें म्हणणें भाग पडतें.

हा प्रश्न इंग्रजांचा, त्याची उठाठेव आपण कां करावी, असें कोणी म्हणेल. पण इंग्रजी आतां आपल्या घराघरांत वावरते, आणि तिच्या पाठोपाठ लॅटिनही आलें आहे. शाळेचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, सोसायटीच्या सभेची सूचना, परीक्षेचा अर्ज, वडिलांचें मृत्युपत्र, असे कितीतरी कागद त्याच्या तावडींत सांपडलेले आहेत. तेव्हां हे शब्द मूळचे काय, ते कोठें चुकतात, आणि त्यांतली कोणती चूक हंसण्यावारी न्यावी व कोणती नेऊं नये, याचा थोडा विचार करणें निरुपयोगी होणार नाहीं.

लॅटिन ही रोमची भाषा. रोमचें साम्राज्य लयास गेलें तरी युरोपांत धर्म, विद्या आणि न्याय या तिन्ही ठिकाणीं तिचेंच राज्य शेंकडों वर्षें चालू होतें. इंग्लंडांत १३६२ सालीं कोर्टांतील बोलणें इंग्रजींत व्हावें असा कायदा झाला. पण दप्तर लॅटिनमध्येंच राहिलें. दप्तरही इंग्रजींत ठेवावें असें १७३० च्या कायद्यानें ठरलें आणि तें १७३३ पासून अमलांत आलें. म्हणजे आपल्याकडे पहिला बाजीराव पेशवा स्वाऱ्या करीत होता त्या काळांतही इंग्लंडांतील सामान्य पक्षकारास स्वतःच्या खटल्याचा कागद वाचतां येत नव्हता! अशा स्थितींत लॅटिन हें विद्वत्तेचें आणि अधिकाराचें चिन्ह होऊन बसलें यांत नवल नाहीं. आणि ज्या अलंकारानें मनुष्य मोठा दिसतो तो अलंकार, गरज असो वा नसो, अंगावर घालण्याचा मोह सर्वांनाच होतो.

आम्हां मराठी वाचकांस या बाबतींत एक मोठी सोय आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचें मूळ एकच असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें सांगितलें, आणि पुढील पंडितांनीं तें सिद्ध केलें. ज्यानें लहानपणीं रूपावली घोकली आहे त्याला लॅटिन अगदींच अनोळखी वाटत नाहीं. एकच उदाहरण पाहावें. १८२९ सालीं जॉर्ज शिलिबीयर या गृहस्थानें लंडनांत उतारूंसाठीं घोड्यांची एक मोठी गाडी सुरू केली आणि फ्रान्सांत रूढ झालेलें 'ऑम्निबस' हें नांव तिला दिलें. 'ऑम्निस' म्हणजे 'सर्व', आणि 'ऑम्निबस' हें त्याचें चतुर्थीचें अनेकवचन, अर्थ 'सर्वांसाठीं'. संस्कृतांत आपण 'सर्वेभ्यः' म्हणतों. त्यांतला 'भ्यः' आणि लॅटिनमधला 'बुस' हे प्रत्यय एकाच कुळांतले. पुढें लोकांनीं शब्दाचें अंग टाकून दिलें आणि नुसतें शेपूट ठेवून त्यालाच 'बस' म्हणूं लागले. म्हणजे रोज सकाळीं रांगेंत उभे राहून आपण ज्याची वाट पाहतों तो वस्तुतः एक विभक्तिप्रत्यय आहे!

सभेच्या 'कोरम'ची कथाही अशीच आहे. 'कोरम' म्हणजे 'येषाम्', 'ज्यांपैकीं'. इंग्लंडच्या राजाच्या सनदेंत न्यायाधिकाऱ्यांची नांवें घालून 'ज्यांपैकीं अमुक एक हजर असलाच पाहिजे' अशी अट लिहीत. त्या लांबलचक वाक्यांतला 'ज्यांपैकीं' हा एक शब्द तेवढा लोकांच्या लक्षांत राहिला आणि तो आवश्यक गणसंख्येचें नांव झाला. 'ॲफिडेव्हिट' हें तर नाम नसून आख्खें क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'त्यानें शपथेवर सांगितलें' असा. 'अजेंडा' म्हणजे 'कर्तव्यानि', करावयाच्या गोष्टी, तें अनेकवचन. 'डेटा' म्हणजे 'दिलेल्या गोष्टी'. तेंही अनेकवचन, आणि त्यांतला धातु आपल्या 'दा' धातूचा भाऊ. पण आज 'अजेंडा' एक असतो आणि त्याचे पुन्हां 'अजेंडे' होतात. या सर्वांना चूक म्हणत बसण्यांत अर्थ नाहीं. दत्तक गेलेल्या मुलाचें गोत्र बदलतें. त्याला जन्मभर जुन्या गोत्रानें हांक मारणारा मनुष्य शहाणा ठरत नाहीं. जो शब्द नव्या घरांत सर्वांच्या संमतीनें एका अर्थानें नांदतो तो त्या घरचा झाला. 'बस' हा प्रत्यय आहे हें ज्ञान मौजेचें आहे. त्याच्या जोरावर बसच्या कंडक्टरशीं वाद घालूं नये.

दुसरा वर्ग दिखाऊपणाचा. येथें शब्द घरचा झालेला नसतो, आणि साधा शब्द हाताशीं असूनही भारदस्तपणासाठीं हा ओढून आणलेला असतो. 'मी अमुक कॉलेजचा ॲलम्नाय आहें' हें वाक्य आपण नेहमीं ऐकतों. 'ॲलम्नाय' हें अनेकवचन आहे; एका पुरुषास 'ॲलम्नस' आणि एका स्त्रीस 'ॲलम्ना' म्हणावें. 'मी मुलगे आहें' असें कोणी म्हटलें तर जसें वाटेल तसेंच हें आहे. मूळ शब्दाचा अर्थ 'पोसलेलें लेंकरूं' असा, आणि म्हणूनच विद्यालयास 'आल्मा मातेर', म्हणजे पोसणारी माता, म्हणतात. जिनें आपल्याला पोसून विद्या दिली तिचें नांव अभिमानानें सांगतांनाच वचन चुकावें, हें तिलाही फारसें भूषणावह नाहीं. 'माजी विद्यार्थी' हे दोन शब्द त्यापेक्षां पुष्कळ बरे.

'बोनाफाईड' तर प्रत्येक आईबापांच्या परिचयाचा. 'बोना फिदे' ही पंचमीसारखी विभक्ति असून अर्थ 'सद्भावानें', 'प्रामाणिकपणें' असा. विद्यार्थी खरोखरच त्या शाळेचा आहे असें सांगणारा दाखला शाळा देते. पण आपण 'बोनाफाईड सर्टिफिकेट' म्हणतों तेव्हां अक्षरशः 'खराखुरा दाखला' असा अर्थ होतो, जणूं काय शाळेचे बाकीचे दाखले खोटेच! पुढें 'सर्टिफिकेट' हा शब्दही गळाला आणि 'बोनाफाईड आणायचें आहे' एवढेंच उरलें. इकडे इंग्रज लेखकांचाही घोटाळा कमी नाहीं. 'बोना फायडीज' हें एकवचन आहे. पण शेवटीं 'ज' ऐकूं येतो म्हणून तें अनेकवचन समजून त्यास अनेकवचनी क्रियापद लावण्याचा प्रघात पडला आहे.

'व्हाइस व्हर्सा' याचा अर्थ 'स्थान उलटून'. यांतला 'व्हाइस' आणि 'व्हाइस-प्रेसिडेंट' मधला 'व्हाइस' एकच. तो अध्यक्षाच्या स्थानीं बसणारा. त्याचें 'व्हाइस-अ-व्हर्सा' करून लोक मध्यें एक इंग्रजी उपपद घुसडतात. 'पर से', म्हणजे 'स्वतः, त्याच्या ठायीं', याचें इंग्रजींत आतां 'म्हणणें' या अर्थाच्या 'से' शब्दाप्रमाणें लेखन होऊं लागलें आहे. 'एट सेटेरा' मध्यें 'एट' म्हणजेच 'आणि'. तरी लोक 'अँड एट सेटेरा' म्हणतात, म्हणजे 'आणि आणि इतर'. पण येथें इंग्रजांस हंसण्यापूर्वीं आपली पाटी पाहावी. 'वगैरे' हा शब्द अरबीतून आला. त्यांतला 'व' म्हणजे 'आणि'. 'आणि वगैरे' म्हणणारा मराठी मनुष्य तीच चूक दुसऱ्या उसन्या शब्दाशीं करीत असतो.

अति शुद्ध होण्याच्या हौसेनें होणाऱ्या चुका तर सर्वांत विनोदी. लॅटिनमध्यें 'अस' चें अनेकवचन 'आय' होतें एवढें एकदां समजलें कीं 'ऑक्टोपस' चें 'ऑक्टोपाय' होतें. पण तो शब्द ग्रीकांतून आलेला, त्याला हा नियम लागू नाहीं. 'पाश्चात्य' पाहून आपण 'पौर्वात्य' केलें, त्यांतलाच हा प्रकार. संस्कृतांत शब्द 'पौरस्त्य' असा आहे. याहून मौजेचा शब्द 'इग्नोरेमस'. त्याचा अर्थ 'आम्ही जाणत नाहीं'. पुरावा अपुरा असला म्हणजे इंग्लंडांतील पंच आरोपपत्रावर हा शेरा मारीत. १६१५ सालीं केंब्रिज येथें राजा पहिला जेम्स याच्यापुढें जॉर्ज रगल याचें एक लॅटिन प्रहसन झालें. त्यांत मोडकें लॅटिन बोलणाऱ्या वकिलाचें नांव हेंच ठेवलेलें होतें. तेव्हांपासून तो शब्द अज्ञ मनुष्यास लागू झाला. आतां कांहीं लोक त्याचें अनेकवचन 'इग्नोरेमाय' असें करतात. क्रियापदास नामाचें अनेकवचन लावावयाचें, आणि तेंही याच शब्दास! अज्ञानानें आपली सही याहून स्पष्ट अक्षरांत क्वचितच केली असेल.

येथवर गोष्ट करमणुकीची झाली. तिसरा वर्ग मात्र वेगळा आहे. यांत चूक झाली तर कोणाचें हंसें होऊन भागत नाहीं, कोणाचें तरी नुकसान होतें.

'आय. ई.' आणि 'ई. जी.' हीं दोन लहान चिन्हें घ्या. पहिल्याचा अर्थ 'म्हणजे' आणि दुसऱ्याचा 'उदाहरणार्थ'. सुशिक्षित लोकही सर्रास एकाच्या जागीं दुसरें वापरतात. समजा, एखाद्या गृहस्थानें मृत्युपत्रांत लिहिलें कीं माझी जंगम मालमत्ता, आय. ई. दागिने व भांडीं, कन्येस द्यावी. 'म्हणजे' असा अर्थ घेतला तर कन्येस दागिने आणि भांडीं एवढेंच मिळावयाचें. लिहिणाऱ्याच्या मनांत 'उदाहरणार्थ' असेल तर बँकेंतल्या ठेवीही तिच्याच. कोर्ट पुढें काय ठरवील तें ठरवो. पण तोंपर्यंत बहीणभावांचें बोलणें बंद झालेलें असतें, आणि ज्यानें अर्थ सांगावा तो वरून पाहत असतो. 'म्हणजे' आणि 'उदा.' हे दोन शब्द मराठींत असतांना ही जोखीम कोणी कां घ्यावी? खुद्द ब्रिटिश सरकारनें २०१६ सालीं आपल्या संकेतस्थळावरून हीं चिन्हें हळूहळू काढून टाकण्याचें ठरविलें. लोकांस अर्थ कळत नाहीं हें एक कारण. आणि दुसरें असें कीं दृष्टिहीनांस मजकूर वाचून दाखविणारीं कांहीं यंत्रें 'ई. जी.' चा उच्चार 'एग', म्हणजे अंडें, असा करीत!

'ए. एम.' आणि 'पी. एम.' यांचेंही तसेंच. 'आन्ते मेरिदिएम' म्हणजे मध्याह्नापूर्वीं, 'पोस्त मेरिदिएम' म्हणजे मध्याह्नानंतर. आतां ठीक मध्याह्न हा स्वतःच्या आधींही नसतो आणि नंतरही नसतो. म्हणून बारा वाजतां या चिन्हांचा अर्थच बिघडतो; 'बारा ए. एम.' म्हणजे मध्यरात्र हा केवळ रूढीनें पडलेला संकेत होय. अर्जाची मुदत '१५ तारीख, बारा ए. एम.' अशी लिहिलेली असली म्हणजे विद्यार्थी पंधराव्या तारखेच्या दुपारपर्यंत निश्चिंत असतो, आणि मुदत तर चौदावी संपतांक्षणींच संपलेली असते. रेल्वेच्या वेळापत्रकांत चोवीस तासांचें घड्याळ वापरतात, त्यामुळें तेथें हा घोटाळा होत नाहीं. 'दुपारीं बारा' किंवा 'रात्रीं बारा' असें लिहिण्यास तर घड्याळही बदलावें लागत नाहीं.

सर्वांत जपण्याचें ठिकाण म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. तिच्यावरील 'बी. डी.' म्हणजे 'बिस दिए', दिवसांतून दोनदां, 'टी. डी. एस.' म्हणजे दिवसांतून तीनदां घ्यावें, 'एच. एस.' म्हणजे निजण्याच्या वेळीं, 'ए. सी.' जेवणापूर्वीं आणि 'पी. सी.' जेवणानंतर. 'बिस' आणि 'तेर' हे आपल्या 'द्विः' आणि 'त्रिः' यांचे सोयरे आहेत, पण आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या मनुष्यास ती सोयरीक कळून काय उपयोग? 'ओ. डी.' म्हणजे सामान्यतः रोज एकदां. तींच अक्षरें नेत्रवैद्याच्या चिठ्ठींत 'ओकुलुस देक्स्तेर', म्हणजे 'उजवा डोळा', या अर्थानें येतात. 'एस. ओ. एस.' पाहून घरचीं माणसें समजतात कीं हें औषध प्राणसंकटाच्या वेळचें, आणि वेदना सोसत बसतात. वस्तुतः तीं 'सी ओपुस सित', म्हणजे 'गरज पडल्यास', यांचीं आद्याक्षरें आहेत. बुडत्या जहाजाच्या इशाऱ्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. हा धोका काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनें २००४ सालीं चिठ्ठींत वापरूं नयेत अशा संक्षेपांची यादी काढली. त्यांत 'रोज' या अर्थाचें 'क्यू. डी.' आणि 'दिवसाआड' या अर्थाचें 'क्यू. ओ. डी.' हीं दोन्ही आहेत. कारण घाईच्या अक्षरांत एक दुसऱ्यासारखें वाचलें जातें.

औषधाप्रमाणें विचाराचाही अपाय होऊं शकतो. 'अपवादानें नियम सिद्ध होतो' हें वाक्य आपण इंग्रजींतून घेतलें आणि इंग्रजांनीं तें वकिलांच्या लॅटिनमधून. त्याचें मूळ सिसेरोच्या एका युक्तिवादांत दाखवितात. इसवी सनापूर्वीं ५६ सालीं त्यानें बाल्बस नांवाच्या परदेशीय गृहस्थाच्या रोमन नागरिकत्वाचा बचाव केला. कांहीं लोकांशीं झालेल्या तहांत 'यांच्यापैकीं कोणास नागरिकत्व देऊं नये' असें स्पष्ट लिहिलें होतें. त्यावरून त्याचें म्हणणें असें कीं, जेथें असा अपवाद घातलेला नाहीं तेथें नागरिकत्व देण्यास मोकळीक आहे हें आपोआपच सिद्ध होतें. वाचनालयाच्या दारावर 'सोमवारीं बंद' अशी पाटी असली तर इतर दिवशीं तें उघडें असतें हें न सांगतां कळतें. तेवढाच या वचनाचा अर्थ. पण आपल्याकडे तें कसें वापरतात? 'मुलींना गणित जमत नाहीं' असें घरांतील एखादे वडीलधारे म्हणतात. पुतणी गणितांत पहिली आली हें कोणी त्यांच्या नजरेस आणतें. आणि ते हंसून म्हणतात, 'अपवादानें नियम सिद्ध होतो!' वास्तविक तिनें नियम खोटा पाडला होता. तिच्या वर्षभराच्या कष्टांचें श्रेय एका अर्धवट समजलेल्या उसन्या वाक्यानें हिरावून घेतलें. हें नुकसान कोणत्याही चिठ्ठीवर नोंदलें जात नाहीं, पण तें लहान नव्हे.

मग यावर उपाय काय? लॅटिन हद्दपार करावें असें आमचें म्हणणें नाहीं. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानें १९४६ सालच्या एका निबंधांत परकीय वाक्प्रयोगांच्या मिरवणुकीवर चांगलेच कोरडे ओढले. तरी दोनतीन उपयुक्त संक्षेप त्यानेंही राहूं दिले. इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनीं १९९९ च्या नव्या नियमांनीं 'एक्स पार्टे', 'सबपीना' अशा जुन्या संज्ञा काढून साधे इंग्रजी शब्द घातले. त्यामुळें तेथील न्याय कांहीं उणा पडला नाहीं. आपल्याकडे तर 'एकतर्फी' हा नेटका शब्द कोर्टांत पूर्वींपासूनच रुळलेला आहे.

आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, ज्या उसन्या शब्दाचा अर्थ आपण घरांतल्या आजीला मराठींत सांगूं शकतों तोच शब्द वापरावा. सांगतां आला तर तो आपला. अडखळलों तर तो अजून दुसऱ्याचाच आहे. ही कसोटी संस्कृत शब्दांसही लावावी. 'तज्ज्ञ' चें 'तज्ञ' आणि 'उपर्युक्त' चें 'उपरोक्त' करणाऱ्या आमच्या लेखण्यांस लॅटिन चुकविणाऱ्या इंग्रजावर रागावण्याचा अधिकार फारसा पोंचत नाहीं. आणि घरांतील तरुण मंडळींनीं अर्थ विचारला तर 'एवढेंही येत नाहीं?' असें न म्हणतां कोश काढून त्यांच्याबरोबर पाहावा. कारण न विचारतां वापरण्याची संवय बहुधा अशा प्रश्नार्थक हंसण्यांतूनच लागते.

निदान दोन गोष्टी तरी प्रत्येक कुटुंबानें आजच कराव्या. घरांत औषधाची चिठ्ठी आली म्हणजे डॉक्टरांस किंवा औषधविक्रेत्यास विचारून प्रत्येक औषधापुढें 'सकाळीं', 'रात्रीं', 'जेवणानंतर', 'गरज पडल्यास' असे शब्द मराठींत लिहून घ्यावे. आणि मृत्युपत्र किंवा करारनामा करतांना त्यांत एकही असें अक्षर राहूं देऊं नये कीं ज्याचा अर्थ सही करणाऱ्यास स्वतःच्या तोंडानें सांगतां येत नाहीं.